लंबगोलाबाहेरच्या बायका

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे हातोडी म्हणत. एक तर तिच्या हातात दिवसभर रबरी हातोडी असे, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. सुपरवायझरनं "जरा हात चालवा" म्हटलं की ती मान वर न करता सांगे, हात चालतोय, तुमचं तोंड थांबलं की आणखी चालेल. सत्तावीस वर्षं ती पंचिंग खात्यात उभी राहिली. उभी, कारण त्या खात्यात बायकांना स्टूल मिळत नसे. बसलं की झोप येते असं वरच्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी खुर्चीत बसून बनवलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. पुठ्ठ्याचा ताव पंचिंग मशीनच्या जबड्यात जाई. त्या जबड्यात डाय बसवलेली असे. डाय म्हणजे जाड प्लायवूडच्या फळीत हव्या त्या आकारात वाकवून ठोकलेली पोलादी पाती. जबडा मिटला की खोक्याचा आकार कापला जाई, पण खिडक्यांचे, कडेचे नको असलेले तुकडे तिथेच अडकून राहत. कापलेल्या तावांची चळत समोर ओढायची आणि ठोकून ठोकून ते तुकडे पाडायचे, हे हातोडीचं काम. संध्याकाळपर्यंत तिच्या पायाशी घोट्याएवढा ढीग जमे: केकच्या खोक्यांतले लंबगोल, औषधाच्या खोक्यांतले चौकोन, पिशव्यांच्या मुठीतून पडलेले शेंगेसारखे तुकडे. सगळं लगद्याला जायचं. तिनं विचारून त्यातलं थोडं घरी न्यायला सुरुवात केली, लेकीच्या शाळेच्या वहीसाठी. मग शुभेच्छापत्रं झाली, मग फोटोंचे अल्बम. तिचा नवरा शिंपी. तो गिऱ्हाइकांना सांगे, हिच्यासमोर टेबलावर हात सपाट ठेवू नका, आकार कापून घेईल.

आठ वर्षांपूर्वी तुकडे आपोआप पाडणारं मशीन आलं आणि एका आठवड्यात पंचिंग खातं बायकांपासून मोकळं झालं. निघायच्या दिवशी डाय बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं तिच्या हातात एक गाठोडं दिलं. भंगारात जाणाऱ्या पाच लहान डाय होत्या आत: लंबगोल, पान, गोल, पाकळ्यांचं फूल आणि पाकीट. दाबायला काही नव्हतं, म्हणून ती गल्लीच्या टोकाच्या बाइंडरकडे जाऊ लागली. त्याच्याकडे वह्या दाबायचं लोखंडी यंत्र होतं, वर चाकासारखी मूठ. पुढे बाइंडरनं दुकान आवरतं घेतलं तेव्हा ते यंत्र तिच्या घरी आलं. उचलायला चार माणसं लागली, आणि शिंप्याच्या मशीनला खिडकीजवळची जागा सोडून भिंतीकडे जावं लागलं. त्याबद्दल तो अजून कुरकुरतो.

हळूहळू तिच्याकडे शिकायला बायका येऊ लागल्या. काहीजणी आधी महागड्या क्लासला जाऊन आलेल्या असत, पिशवीत तयार कापलेल्या फुलांची पाकिटं घेऊन. ती पाकिटं पाहिली की हातोडीचं डोकं फिरे. एका फुलाला एवढं मोजलंत, ती म्हणे, आणि ते फूल तुमच्या मैत्रिणीच्या अल्बमात आहे तेच. डाय वीस घेऊ नका, दोन घ्या. पानाची डाय अर्धीच कागदाखाली सरकवली की पाकळी मिळते. गोल थोडा सरकवून दुसऱ्यांदा मारला की चंद्रकोर. आकार एकमेकांना खेटून मारा, मधे बोटभर जागा सोडायला कागद काय आभाळातून पडतो का. शर्टांत येतो तो पुठ्ठा, जुनी कॅलेंडरं, चपलांची खोकी, सगळं चालतं. पात्याला कागद चिकटला तर आधी मेणबत्ती फिरवा. आणि पडलेलं भोक टाकू नका, ती तुमची चौकट आहे.

बायका हसत, वहीत लिहून घेत, आणि पुढच्या वेळी चपलांची खोकी घेऊन येत.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली त्या साली मालकांची सून तिच्या दारात आली. गाडी गल्लीत वळेना म्हणून चालत आली, आणि ते तिनं दोनदा सांगितलं. सासऱ्यांसाठी मोठा अल्बम करायचा होता, हातानं केलेला, समारंभात त्यांच्या हातात द्यायला. स्टुडिओनं फार पैसे सांगितले. कुणीतरी म्हणालं, आपल्याच जुन्या कामगार बाई हे काम स्वस्तात करतात. तिनं फोटोंनी भरलेलं खोकं ठेवलं. गोदामातून शोधलेले मूळ फोटो होते, आणि त्यातल्या बऱ्याचशांवर पांढऱ्या पेननं लंबगोल काढलेला होता.

"तेवढं तेवढं कापून घ्या, मावशी," सून म्हणाली. "बाकीचं नकोय. उगाच गर्दी दिसते."

हातोडीनं हो म्हटलं. काम चांगलं होतं आणि लंबगोलाची डाय तिच्याकडे होतीच. सून गेल्यावर तिनं टेबल पुसलं आणि फोटो मांडले.

मालक कारखान्याच्या दारात. मालक नव्या ट्रकपाशी. मालक पाहुण्यांना पुठ्ठा दाखवताना. प्रत्येक फोटोत लंबगोलाच्या आत मालक, आणि बाहेर बायका. चळती उचलणाऱ्या, वाकलेल्या, कॅमेऱ्याकडे पाहू की नको या विचारात पडलेल्या. एका फोटोत ती स्वतः होती, पंचवीस-सव्वीसची, हातोडी पाठीमागे लपवून. पांढरी रेघ तिच्या खांद्यापासून बोटभर अलीकडून गेली होती. जन्मभर मी नको असलेले तुकडे पाडले, तिच्या मनात आलं, आणि आता मला मलाच पाडायला सांगतायत.

तळपायाची आग मस्तकात जायला एवढं पुरेसं होतं. पण खोक्यात आणखी एक फोटो होता.

त्या फोटोत मालक दोन पाहुण्यांना पंचिंग मशीन दाखवत होते. मशीनपाशी ताव घालणारी बाई म्हणजे बुटकी. उंचीला कमी म्हणून ती पायाखाली लाकडी पाट घेऊन उभी राही. बुटकी ताव घाली, काढी, चळत लावी. हातोडी ती चळत ओढून ठोकी. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर, आणि सोळा वर्षं तेवढंच. मशीनच्या आवाजात बोलता येत नसे म्हणून दोघींनी भुवयांची भाषा केली होती. डावी भुवई म्हणजे सुपरवायझर येतोय. दोन्ही भुवया म्हणजे आज त्यानं केस काळे केलेत.

त्या मशीनच्या जबड्यापुढे एक लाल दांडी असायला हवी. हात आत राहिला तर दांडीला लागतो आणि मशीन थांबतं. पण वाकडा ताव लागला तरी ते थांबायचं, म्हणून मोठी ऑर्डर आली तेव्हा सुपरवायझरनं दांडी काढून ठेवली. तीन आठवडे मशीन तसंच चाललं. मग एका दुपारी जबड्यात बुटकीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दांडी त्याच संध्याकाळी परत बसली. दुसऱ्या दिवशी चौकशीचा कागद फिरला. त्यावर लिहिलं होतं की दांडी जागेवर होती, कामगार बाईनं ती स्वतः वर केली असावी, आणि खाली सही करणारी आपल्या कामात असल्यानं तिनं काही पाहिलेलं नाही. सही केली नाही तर उद्यापासून येऊ नका, असं सुपरवायझर म्हणाला. शिंप्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालेलं, दुकान बंद. हातोडीनं सही केली. साऱ्या खात्याला फाडून खाणारी बाई त्या कागदापुढे चूप बसली. बुटकी कामावर परत आली नाही. पहिली काही वर्षं हातोडी तिच्या घरी जात राहिली, पुढे जाणं कमी झालं, आणि दोन वर्षांपूर्वी बुटकी आजारपणात गेली. त्या सहीबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

आणि आता हा फोटो. खाली कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, अपघाताच्या आधी आठ दिवसांची. जबडा उघडा. दांडी नाही. बुटकीचे दोन्ही हात तावावर, दहाही बोटं मोजता येतील अशी. पांढरा लंबगोल मालक आणि पाहुण्यांभोवती.

शिंप्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. मग म्हणाला, तेव्हा दुसरं काही करता आलं असतं का. हातोडी म्हणाली, आलं असतं. मी केलं नाही.

रविवारी सकाळी ती बुटकीच्या लेकीकडे गेली. लेक आता सत्तावीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोन खोल्यांचं घर, दोरीवर पांढरे कोट वाळत घातलेले. तिनं फोटो हातात घेतला आणि आधी नुसती हसली, कारण तिच्याकडे आईचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. मग हातोडीनं सांगितलं काय पाहायचं ते. दांडी कुठे असायची, तारीख कोणती, आणि कागदावर काय लिहिलं होतं. कोणी सही केली होती, तेही.

लेकीनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"आई शेवटपर्यंत म्हणायची, मीच हात पुढे घातला असेन," ती म्हणाली. "सगळे सांगतात म्हणजे तसंच असणार, म्हणायची. हॉस्पिटलातसुद्धा म्हणायची. माझं लक्ष नव्हतं गं, असं."

लेकीनं फोटो गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही आमच्याकडे यायचात, मावशी. इथे बसून चहा प्यायचात. एकदा तिला सांगितलं असतंत, चूक तुझी नाही म्हणून. कारखान्याला नका सांगू. तिला."

"सांगायला हवं होतं."

"आता जा तुम्ही," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही. फोटो तिनं परत दिला, कारण तो तिचा नव्हता.

घरी येताना हातोडी दोन गल्ल्या चुकली. राग तिला नवा नव्हता; राग आला की ती बोलून टाकी आणि मोकळी होई. हा राग तसा नव्हता. सुपरवायझर केव्हाच गाव सोडून गेला होता. मालक म्हातारे झाले होते. बुटकी नव्हती. उरली होती ती एकटी, आणि स्वतःला कोणते शब्द सुनावायचे ते तिला माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं दाबयंत्राची मूठ काहीही न ठेवता एवढी आवळली की शिंपी आतून धावत आला.

सोमवारपासून तिनं अल्बमाला हात घातला. एकही फोटो कापला नाही. प्रत्येक पानावर पूर्ण फोटो चिकटवला आणि त्यावर जाड करड्या पुठ्ठ्याचं एक दार बसवलं, डाव्या कडेला कापडी पट्टीनं अडकवलेलं. दारात लंबगोल खिडकी मारली, सूनबाईंनी आखली होती बरोबर त्याच जागी. दार मिटलेलं असलं की खिडकीतून फक्त मालक दिसत. उचललं की सगळं खातं. खिडक्यांतून पडलेल्या लंबगोलांवर तिनं बायकांची नावं लिहिली आणि दारांच्या आतल्या बाजूला चिकटवली. नावांसाठी ती आठवडाभर हिंडली. सहा बायका भेटल्या, बाकीच्यांची मुलं किंवा शेजारी भेटले. एकीनं सगळ्या फोटोंत स्वतःला ओळखलं आणि एका फोटोत चुकून दुसरीलाच ही मीच म्हणाली. एकीनं दार लावून घेतलं, मला त्या जागेचं नाव नको म्हणाली.

बुटकीच्या पानावर दाराच्या आत नावाशिवाय चार ओळी होत्या. फोटोत मशीनवर दांडी नाही. आठ दिवसांनी या बाईंची दोन बोटं गेली. दांडी होती असं मी लिहून दिलं. ते खोटं होतं. आणि खाली हातोडीची सही, पूर्ण नावानिशी.

अल्बम घेऊन ती मालकांच्या बंगल्यावर गेली. सुनेनं तो जेवणाच्या मोठ्या टेबलावर ठेवून उघडला आणि मिटलेली दारं पाहून खूश झाली. किती सुबक कापलंय, म्हणाली. एक दार सहज उचललं आणि तिचा चेहरा बदलला. कापायला सांगितलं होतं ना, असं ती म्हणेपर्यंत थोरले मालक काठी टेकत बाहेर आले आणि खुर्ची ओढून बसले.

म्हाताऱ्यानं एकेक दार उचलायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांना मजा वाटली. ही गाणी म्हणायची, ही नेहमी उशिरा यायची, असं एखादीबद्दल आठवलंही. हातोडीकडे पाहून म्हणाले, तू आमच्याकडेच होतीस ना. तिनं सांगितलं, सत्तावीस वर्षं. मग त्यांनी बुटकीचं दार उचललं. चष्मा वर सरकवला. चारही ओळी वाचल्या. दार हळूच मिटलं.

"हे पान काढ," ते म्हणाले.

"मी काढणार नाही."

"मावशी, घरचा समारंभ आहे," सून मधे पडली. "तुमच्या भावना समजतात. पण तुम्हाला फोटो लावायला सांगितले होते, माणसं निवडायला नाही."

"माणसं तुम्ही निवडलीत, पांढऱ्या पेननं," हातोडी म्हणाली. तिचा आवाज आता खात्यातला झाला होता, मशीनवरून पलीकडे जाणारा. "मी फक्त बाकीची ठेवली. आणि साहेब, तिला मी एकदा सही करून काढलंय. पुन्हा माझ्या हातानं होणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, ते तुमचं तुम्हाला माहीत."

मालक अल्बम मिटून काठी शोधू लागले. हातोडीला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, आणि ते तिनं नंतर शिंप्याला जसंच्या तसं सांगितलं.

समारंभात मोठ्या पडद्यावर फोटो दाखवले म्हणे, कापलेले. अल्बम आठ दिवसांनी ड्रायव्हरबरोबर परत आला. बुटकीचं पान बांधणीलगत पात्यानं कापून घेतलेलं होतं, अगदी सरळ. फोटोही पानाबरोबर गेला होता.

हातोडी फसणाऱ्यांपैकी नव्हती. बंगल्यावर जाण्याआधीच तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्या फोटोंच्या चांगल्या रंगीत प्रती काढून ठेवल्या होत्या. आता तिनं पुठ्ठा ओढला आणि तेच पान पुन्हा केलं. मग दुसरं, मग तिसरं. डायचं हेच असतं, एकदा हातात आली की शंभरावा आकारही पहिल्यासारखाच निघतो आणि वर काही खर्च नाही. ज्या बायका भेटल्या होत्या त्या प्रत्येकीला तिनं तिच्या फोटोचं एक पान आणि बुटकीचं एक पान दिलं. दार लावून घेणारीच्या उंबऱ्यावर पाकीट ठेवून आली.

बुटकीच्या लेकीकडे मात्र जायचं तिचं धाडस झालं नाही. लेकच आली, महिनाभरानं, लॅब सुटल्यावर. बसली नाही. पिशवीतून आखलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"लिहून द्या. काय झालं ते सगळं."

हातोडीनं लिहिलं. पानभर झालं. लेकीनं उभ्यानंच वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सुपरवायझरनं धमकी दिली म्हणून मी सही केली, हे आहे ना. यातलं 'म्हणून' खोडा. त्यानं धमकी दिली, हे वेगळं लिहा. तुम्ही सही केलीत, हे वेगळं."

हातोडीची कानशिलं तापली. एवढ्याशा पोरीनं आपल्याला शब्द शिकवावेत. तिनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि ओळ खोडून दोन ओळी लिहिल्या. लेकीनं कागदाची घडी केली. मग तिथेच ठेवलेलं आईचं पान उचललं, दार उघडून पाहिलं आणि वाकू नये म्हणून लॅबच्या फायलीत घालून घेतलं.

तो कागद आणि फोटोची प्रत सरकारच्या कामगार खात्यात गेली. सात आठवड्यांनी उत्तर आलं की त्या काळातलं रेकॉर्ड उपलब्ध नाही. दुसऱ्या पत्रानंतर एक निरीक्षक कारखान्यात जाऊन आला. आज चालू असलेल्या दोन मशीनांवर दांड्या नव्हत्या. त्या बसवायला लावल्या. बुटकीच्या फायलीवरचे 'कामगाराची चूक' हे शब्द कुणी बदलले नाहीत. ती फाइल आता मागवता येत नाही, आणि मागवता येत नाही म्हणून दुरुस्तही करता येत नाही, असं खिडकीवरच्या कारकुनानं दोघींना समजावून सांगितलं. त्याला हातोडीनं जे सुनावलं ते ऐकून रांगेतली माणसं मागे सरकली.

तरी दोघी पत्रं पाठवतात. मजकूर लेक लिहिते, हातोडी सही करते. एकमेकींशी कामापुरतं बोलतात. परवा लेकीनं पहिल्यांदा चहा घेतला. अर्धा ठेवला, बस चुकेल म्हणाली आणि गेली.